शर्यतीचा बैल : हौसेचा की मिळकतीचा?

शेतकरी बंधूंनो, जत्रांचा हंगाम आला की गावोगाव फलक लागतात. पहिले बक्षीस ट्रॅक्टर, दुसरे बुलेट! मग पारावर एकच चर्चा. 'ऊस लावून काय मिळतंय? त्यापेक्षा एक खिलार खोंड तयार करावा, लाखांत जाईल.' जाईलही. पण आधी वही-पेन्सिल घेऊन बसू या.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न मिटला, हिशेबाचा राहिला.

शर्यतीचा बैल औताला जुंपत नाहीत. म्हणजे तो बसून खातो. तेही नुसता कडबा नव्हे. पेंड, भरडा, उडदाचे पीठ, दूध, अंडी. समजा, एका बैलाला रोज ४०० रुपये धरले, तर जोडीचे वर्षाचे २ लाख ९२ हजार झाले. वर्षात १० मैदाने केली आणि प्रवेश फी, टेम्पो, गडीमाणसे मिळून दर मैदानाला ८ हजार गेले, तर आणखी ८० हजार. एकूण ३ लाख ७२ हजार.

आता आवक बघा. समजा, मैदानात १०० गाडे आले आणि बक्षिसे ३ लाखांची आहेत. सरासरी एका गाड्याच्या वाट्याला ३ हजार येतात. म्हणजे दहा मैदानांचे ३० हजार. वर्षाची तूट ३ लाख ४२ हजार. तीन वर्षे जोडी सांभाळली, तर खरेदीपेक्षा दहा लाख जास्त आले तरच मुद्दल सुटते. नाव झालेल्या बैलाला एवढे मिळतात. पण हरलेल्याला कोण विचारतो?

पुण्या-मुंबईत घोड्यांच्या शर्यतीवर कायदेशीर पैज चालते. त्या उलाढालीतला वाटा बक्षिसांकडे वळतो. तिथेही बहुतेक मालक तोट्यातच असतात. आपल्याकडे पैज म्हणजे जुगार, गुन्हा. बक्षिसाचा पैसा येतो वर्गणीतून, देणगीदाराकडून आणि तुमच्याच प्रवेश फीतून. देणगीदार आटला की मैदान आटले.

मग बैल पाळूच नये का? जरूर पाळा, खिलार जात त्यानेच टिकेल. पण घरच्या गाईचा खोंड तयार करा. चौघांत भागी करा. पीककर्जाचा पैसा दावणीला बांधू नका, सोसायटीचा हप्ता बक्षिसाच्या भरवशावर ठेवू नका.

सरपंच आणि पोलीस पाटील यांनीही ध्यानात ठेवावे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी हवीच. धाव १,००० मीटरच्या आत. चाबूक, काठी, शॉक चालणार नाही. अटी मोडल्या तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

हौसेला मोल नसते म्हणतात. बंधूंनो, असते. ते वहीत मांडा, कारभारणीला वाचून दाखवा आणि मगच बाजाराला निघा.