पत आहे, कागद नाही

मराठीत ‘पत’ हा शब्द जुना आणि भारदस्त आहे. पत असणे, पत राखणे, पत जाणे हे सगळे पैशांविषयीचे बोलणे असले तरी त्यात पैशापेक्षा माणसाच्या वागण्याचा हिशेब अधिक असतो. खेड्यात एखाद्याची पत किती, हे किराणा दुकानदार जाणतो, खत-बियाणेवाला जाणतो आणि आडत्याला तर तिचा आकडाही पाठ असतो. पण गावातल्या या पतीचा उजेड बँकेच्या उंबरठ्याच्या आत पडत नाही. तिथली पत तीन आकडी असते, तीनशेपासून नऊशेपर्यंतची. २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या नावावरून तिला आता खेड्यापाड्यांतही ‘सिबिल’ म्हणतात. आणि ज्याने बँकेचे कर्ज आयुष्यात कधी घेतलेच नाही, त्याचा आकडा कमी नसतो. तो मुळी निघतच नाही.

येरमाळ्याला माझे अधूनमधून जाणे होते. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव येडेश्वरीच्या यात्रेमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी चुन्याच्या रानात येते आणि लाखो भाविक तिथे चुनखडीचे खडे वेचतात. महामार्गाच्या कडेने गाव वाढले आहे, शटरवाली दुकाने आहेत, हॉटेले आहेत. आत जुन्या गावठाणात वळलात की गल्ल्या अरुंद होतात आणि मधूनमधून जाड भिंतींची, माळवदाची घरे अजूनही दिसतात.

माळवदाविषयी मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. खांब, तुळया, त्यावर लाकडाचे दाट आच्छादन आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्याखाली फार सुख. पण पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून वर पुन्हा माती टाकायची आणि अशी वर्षानुवर्षे ती साठत जायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरचे हेच ओझे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली जवळजवळ आठ हजार माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. ज्या गावांना फारशी इजा झाली नाही, तिथेही त्या दिवसापासून माळवदाखाली निवांत झोप लागेनाशी झाली. तेव्हा या भागात ‘घर बांधायचे आहे’ असे कोणी म्हणतो, त्यात हौसेइतकीच भीतीही असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. चार एकर जमीन, खरिपात सोयाबीन आणि रब्बीला हरभरा, दोन दुभत्या म्हशी, मुलगा टेम्पोवर. गावात त्यांचा शब्द चालतो. कोणाचा रुपया बुडवल्याचा डाग नाही. गळके माळवद उतरवून दोन खोल्या आणि वर स्लॅब घालायचा, त्यासाठी पाच लाख हवेत. तालुक्याच्या ठिकाणी ते एका बँकेत गेले. बोलणे गोड झाले आणि हातात यादी मिळाली. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे किंवा पगाराची पावती, जागेच्या मालकीचा कागद, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा आणि सिबिल. यांतले त्यांच्याकडे काय होते? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या. वडिलांच्या वेळेपासूनच्या, एका तारेत ओवून ठेवलेल्या. साहेबांनी त्या पाहिल्या आणि परत दिल्या.

साहेबांचे चुकले असे मी म्हणणार नाही. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घराची पट्टी कोण भरतो एवढेच ती सांगते. घर कोणाच्या मालकीचे, हे ती सांगत नाही. शेताला सात-बारा असतो, शहरातल्या घराला मालमत्ता पत्रक असते आणि गावठाणातले घर मधल्यामध्ये राहते. याला कारण आहे. जुन्या राजवटींनी जमिनी मोजल्या त्या शेतसाऱ्यासाठी. गावठाणातल्या घरांवर सारा नव्हता, म्हणून ती मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत दोन हजारांवर वस्तीच्या गावठाणांच्या भूमापनाची तरतूद झाली, तरी हजारो गावठाणे तशीच राहिली. दोन-तीन पिढ्या ज्या घरात जन्मल्या आणि मेल्या, ते घर तारणाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नाही!

बरे, गावठाण सोडून आपल्याच शेतात घर बांधावे म्हटले तर? तिथे सात-बारा आहे, पण जमीन शेतीची. थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या ज्या कायद्याने मिळाला, त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच ही तरतूद झाली आणि ती योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे शेतातल्या घराला कर्ज देताना बँक हात आखडते. बिनशेतीच्या नियमांत सरकारने अलीकडे सवलती दिल्या, गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या पट्ट्यासाठी तर महसूल कायद्यात वेगळे कलम घातले. पण मोजणी, रूपांतर कर आणि सनद यांच्या फेऱ्या माराव्याच लागत आल्या. रस्त्याकडेला गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांची कथा याहून वाईट. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे असे दस्त नोंदवले जात नसत, म्हणून व्यवहार ‘बाँडवर’ उरकले गेले. पै पै साठवून घेतलेल्या त्या जागेचा पुरावा म्हणजे नोटरीचा शिक्का. त्यावर कोणती बँक कर्ज देणार?

मग घरे होतच नाहीत का? होतात. कशी होतात, हे कोणत्याही गावात मान वर करून पाहावे. स्लॅबवरून आभाळात गेलेल्या गंजक्या सळया दिसतील. शहरातला माणूस त्याला अर्धवट बांधकाम म्हणतो. खरे तर ते त्या घराचे वेळापत्रक आहे. एका वर्षी पाया भरला. दुसऱ्या वर्षी सोयाबीनला भाव बरा मिळाला, भिंती लिंटलपर्यंत आल्या. तिसरे वर्ष दुष्काळाचे, त्या वर्षी भिंतींवर पत्रे ठेवून वर दगड मांडले. मग मुलीचे लग्न निघाले आणि दोन वर्षे सिमेंटचे नाव नाही. पुढे कधीतरी उसाचे बिल आले की स्लॅब. वरच्या सळया ठेवायच्या त्या धाकट्याच्या खोलीसाठी. ती कधी होईल हे धाकट्यालाही ठाऊक नसते. आठ-दहा वर्षे चालणारे हे बांधकाम उरलेल्या पैशांतून होते आणि उरलेल्या पैशांतून होते म्हणूनच महाग पडते. सिमेंट दर खेपेला नव्या भावाने, गवंडी नव्या मजुरीने, आणि मधल्या पावसाळ्यांत भिजलेले काम पुन्हा करायचे ते वेगळेच.

एकरकमी पैसा लागला की वाटा ठरलेल्या आहेत. दागिने गहाण पडतात. पतसंस्था आहे. बायकांच्या गटांना घरपोच कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत, ज्यांचा हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला दारात उभा राहतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुकादमाकडून घेतलेली उचल भिंतीला लागते आणि कारखान्याच्या थळात राबून ती फेडली जाते. आणि शेवटी सावकार. २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा ठरली, पण ‘तीन टक्क्यांनी’ हा शब्द कानावर येतोच. तीन टक्के म्हणजे महिन्याला! इथे एकदा आकडे मांडून पाहण्यासारखे आहेत. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी मिळाले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,०७१ रुपये बसतो. चौदा टक्क्यांनी मिळाले तर सुमारे ६,६५९, म्हणजे पंधरा वर्षांत जवळजवळ पावणेतीन-तीन लाख रुपये जास्त. आणि तीन टक्के महिना असेल तर नुसते व्याजच दरमहा १५,०००. मुद्दल जागच्या जागी. ज्याच्याकडे कागद नाही, तो असा जास्त पैसे मोजून कागदाची किंमत देतो.

सरकारी घरकुलाचा आधार आहे, नाही असे नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजारांचे अनुदान ठरले, रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. त्याच योजनेत लाभार्थ्याला इच्छा असल्यास ७० हजारांपर्यंतचे कर्ज बँकेकडून मिळवून देण्याचीही तरतूद आहे. हे कर्ज मिळालेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय चार एकरवाला यादीत येत नाही. तो घरकुलासाठी श्रीमंत आणि बँकेसाठी गरीब.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. गावठाणातले घर तारण घेतले आणि कर्ज बुडाले, तर ते विकणार कोणाला? भावकीच्या गल्लीतले जप्त घर लिलावात घ्यायला पुढे येईल असा माणूस त्या पंचक्रोशीत नसतो. पाच लाखांच्या कर्जाला कागदपत्रांची मेहनत पन्नास लाखांच्या कर्जाएवढीच पडते. हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला तेव्हा त्या बायकांकडे तारणाला काय होते? पैसे परत आले ते लिलावाच्या भीतीने नव्हे; शेजारणीसमोर मान खाली जाऊ नये म्हणून आले. अहमदाबादच्या गृह फायनान्ससारख्या संस्थेने १९८६ पासून, पुढे बंधन बँकेत विलीन होईपर्यंत, लहान गावांतल्या पगारपावती नसलेल्या माणसांना घरकर्जे देऊन दाखवली. अशा कर्जासाठी खुर्चीवरून उठावे लागते. म्हैस दूध किती देते हे डेअरीच्या पुस्तकात पाहावे लागते, टेम्पोच्या खेपा मोजाव्या लागतात, चार दुकानदारांना विचारावे लागते. थोडक्यात, गावातली पत कागदावर उतरवून घ्यावी लागते.

आणि हप्ता महिन्याचाच का असावा? पगार महिन्याला येतो म्हणून हप्ता महिन्याला आला. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते, हरभरा उन्हाळ्याच्या तोंडाला. जूनमध्ये शेतकऱ्याच्या खिशातून पैसा फक्त बाहेर जातो. पीककर्जाची परतफेड हंगामावर ठरू शकते, मग घराच्या कर्जाची का नाही? दोन मोठे हप्ते सुगीला आणि दुधाच्या पैशातून दरमहा थोडे, अशी बांधणी करायला कायद्याची आडकाठी नाही. त्या आमच्या गृहस्थांनी हेच विचारले होते. ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर मिळाले.

सिबिलबाबत एक गोष्ट मात्र वाचकांनी टिपून ठेवावी. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा कर्जव्यवहार नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे आणि केंद्र सरकारने २०२५ मध्ये लोकसभेत ते स्पष्ट केले. २०१७ पासून प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मागता येतो. अर्ज करण्याआधी तो पाहावा. जुने पीककर्ज माफ होऊनही नावावर थकीत दिसत असेल, तर बँकेला लिहून ते दुरुस्त करून घ्यावे.

कागदाच्या बाबतीत काही हलले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावात २०१९ मध्ये गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आणि २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ या नावाने ती काही राज्यांत सुरू झाली. मोजणीआधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ मारतात, म्हणजे वरून फोटोत ती उमटते. ड्रोनचे काम एका दिवसात होते. खरा वेळ लागतो तो रेघ कुठे मारायची यावर. बोळ कोणाचा, उंबरठ्यापुढचा ओटा कोणाचा, पडकी भिंत सामाईक की एकाची, हे ड्रोनला दिसत नाही. घर अजून आजोबांच्या नावावर असते. वाटणी तोंडी झालेली असते. चौकशीच्या दिवशी चारांपैकी दोन भाऊ पुण्याला किंवा मुंबईला असतात.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकजण त्या दोघांपैकी असतील. गावच्या घरात आपण राहत नाही, राहणारही नाही, तरी ‘हिस्सा राहू द्या’ म्हणून सही लांबवली जाते. बहिणीला तर कोणी विचारतही नाही आणि मग तिच्या संमतीशिवाय सर्च रिपोर्ट अडतो. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा निर्णय राज्य सरकारने २००३ मध्येच घेतला. किती उताऱ्यांवर दोन नावे आहेत ते आपापल्या गावी पाहावे. हिस्सा सोडायचा नसेल तर सोडू नका, पण तो किती फुटांचा हे वारस नोंद करून आणि वाटणीपत्र नोंदवून एकदा कागदावर येऊ द्या. राहणाऱ्या भावाच्या वाट्याचा तुकडा वेगळा झाला की त्याला त्यावर कर्ज मागता येते. भूमी अभिलेखची चौकशीची नोटीस गावच्या पत्त्यावरच येते, चावडीवर लागते. तारीख कळली की एक दिवसाची रजा टाकून जावे, येताना बहिणीलाही बरोबर घ्यावे. सकाळच्या एस.टी.ने निघालात तर संध्याकाळपर्यंत सह्या होऊन जातात.