चाचणीचा कागद पुरता वाचा

घरगुती चटण्या, लाडू, मसाले पाकिटात भरून विकणाऱ्या सगळ्यांना, आणि ज्यांच्या लेकराला शेंगदाणा, दूध किंवा अंडं सोसत नाही अशा आईबाबांना एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘आढळले नाही’ एवढं वाचून निर्धास्त होऊ नका. काय शोधलं, कोणत्या पद्धतीनं शोधलं आणि कमीत कमी किती प्रमाण त्या पद्धतीला कळतं, तेही वाचा. कागदावर नसेल तर प्रयोगशाळेला विचारा.

बहुतेक वेळा ही तपासणी ‘एलायझा’ नावाच्या चाचणीनं होते. पदार्थातली प्रथिनं द्रावणात उतरवायची, विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं त्यात सोडायची आणि उमटलेल्या रंगावरून प्रमाण मोजायचं. किलोमागे काही मिलिग्रॅम इतकं कमी प्रमाणही ती पकडते. पण खरपूस भाजलेल्या पदार्थातली प्रथिनं द्रावणात नीट उतरत नाहीत आणि त्यांची घडणही बदललेली असते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. आंबवलेल्या पदार्थांत प्रथिनांचे तुकडे झालेले असतात. तिथे वेगळ्या प्रकारची एलायझा लागते. डीएनए शोधणारी पीसीआर अंड्यासाठी कुचकामी आहे, कारण अंड्याचा आणि कोंबडीच्या मांसाचा डीएनए एकच.

उलटंही घडतं. २०१५ साली ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदाम सापडल्याचं सांगून माल बाजारातून परत मागवला गेला. पुढे तिथल्या ‘गव्हर्नमेंट केमिस्ट’च्या प्रयोगशाळेनं डीएनए आणि मास स्पेक्ट्रोमेट्री अशा दोन्ही वाटांनी तपासलं, तेव्हा ते बदाम नव्हतेच. तो महलेब होता: चेरीच्या जातीतल्या एका झाडाची बी, बदामाच्या कुळातली. बदामासाठीची प्रतिपिंडं तिलाही चिकटली होती. म्हणून शंकेचा निकाल आला, तर दुसऱ्या पद्धतीनं पडताळणी मागा.

आणि नमुना! एका चाचणीला बहुधा ग्रॅमभरच माल लागतो. पोत्याच्या तळाशी पडलेला शेंगदाण्याचा तुकडा त्या ग्रॅमात येईलच असं नाही. त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे खरी राखण चाचणीपेक्षा मिक्सरच्या भांड्यापाशी होते. दाण्याचा कूट ज्या भांड्यात होतो, त्यातच पुढे खोबऱ्याची चटणी वाटू नका. वेगळं भांडं ठेवा. ते जमत नसेल तर कूट दिवसाच्या शेवटी करा आणि मग भांडं, झाकण, रबराची रिंग सगळं सुटं करून साबणानं धुवा. पाकिटावर ‘शेंगदाणे आहेत’, ‘दूध आहे’ असं ठळक लिहा. तिळाचे लाडू अमेरिकेत विकायला पाठवत असाल तर तिळाचा उल्लेख हवाच. १ जानेवारी २०२३ पासून तिथे तो कायद्यानं बंधनकारक आहे.

आईबाबांनो, ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे शून्य ग्लुटेन असं समजू नका. किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं. सोसतंय का हे पाहायला घरी ‘थोडंसं’ देऊन बघू नका, ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालचं आहे. ओठ सुजले, श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठा. आणि पाकीट विकत घेताना बनवणाऱ्याला सरळ विचारा: याच भांड्यात आधी काय वाटलं होतं? उत्तर देताना तो चाचपडला, तर ते पाकीट घेऊ नका.