देवळालीच्या तोफा आणि दिल्लीचे मौन

दिवाळीच्या आधी आठ दिवस आम्ही सहकुटुंब देवळाली कॅम्पला आत्याकडे गेलो होतो. हवा बदलावी, आत्याच्या हातची चकली खावी आणि मुलांना मुंबईच्या धुरातून चार दिवस बाहेर काढावे, एवढाच हेतू. देशाचे संरक्षण, परराष्ट्रधोरण असले जड विषय आमच्या स्वप्नातही नव्हते. पण पहिल्याच सकाळी चहाची कपबशी हातात घेतो न घेतो तोच खिडकीची तावदाने थडथडली, फळीवरचा चिवड्याचा डबा दोन बोटे पुढे सरकला आणि आमचे धाकटे चिरंजीव पलंगाखालून विचारते झाले, "इथले फटाके एवढे मोठे असतात?"

"फटाके नव्हेत रे, रेंजवर तोफा चालल्या आहेत," असे म्हणून आत्याने डबा मागे सरकवला आणि ती पुन्हा सोऱ्याकडे वळली. तिच्या संसारात तोफेला फोडणीच्या आवाजाहून अधिक मान नाही.

आतोबा तोफखान्यातले. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. सकाळी फिरायला जाताना त्यांनी मला बरोबर घेतले आणि गावाची कुंडली सांगितली. इंग्रजांच्या काळी विलायतेला परतणारे गोरे शिपाई इथे बोटीची वाट पाहत पडून असत. बोटी ठरावीक महिन्यांतच सुटत. उन्हाळाभर काम नाही, धंदा नाही. बिचाऱ्यांची डोकी फिरत. तेव्हापासून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणू लागले. आपल्या देवळालीची इंग्रजी शब्दकोशाला ही एवढीच देणगी! पुढे काकुलचे तोफखाना विद्यालय इथे आले. काकुल पाकिस्तानात गेले, तोफा देवळालीत आल्या.

"म्हणजे वाट पाहण्याचे गाव ते तोफा शिकवण्याचे गाव," मी म्हणालो.

"वाट पाहणे काही संपले नाही," आतोबा म्हणाले. "फक्त आधी शिपाई बोटीची वाट पाहत होते, मग आम्ही तोफांची पाहिली."

वाचकहो, या एका वाक्याने आमच्या सुट्टीचा निकाल लागला. आतोबांनी जे सांगितले, त्याला आम्ही घरी येऊन तारखांची जोड दिली. ती हकीगत अशी.

मार्च १९८६ मध्ये सरकारने बोफोर्स या स्वीडिश कंपनीशी ४१० तोफांचा करार केला. किंमत सुमारे १,४३७ कोटी रुपये. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओने लाचेची बातमी फोडली. संसदेची संयुक्त समिती बसली, महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, १९८९ साली विरोधी पक्षांच्या बहुतेक खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सरकार गेले. पुढे २००४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरील लाचेचा आरोप रद्द केला. तोवर ते हयातही नव्हते.

खासदारांनी प्रश्न विचारले हे योग्यच झाले. जनतेच्या पैशाचा हिशेब मागायचा नाही, तर मग संसद कशाला? पण त्या धुरळ्यात दुसरी एक गोष्ट झाली. पुढची तोफ घेण्याच्या कागदावर सही करायला कुणाचा हात उठेना. सही केली तर उद्या चौकशी. न केली तर कोण विचारतो? आणि खरोखरच कुणी विचारले नाही.

मग १९९९ चे कारगिल आले. आतोबा तेव्हा द्रासला होते. ज्या तोफेच्या नावाने देशभर शिव्या ऐकल्या, त्याच तोफेने शिखरावरची ठाणी फोडली. तोफ चांगली होती. व्यवहाराचा वाद वेगळा. लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी त्या दिवसांत जाहीरपणे सांगितले होते की, जे हाताशी आहे त्यानेच आम्ही लढू. हे वाक्य ऐकून आपण टाळ्या वाजवल्या. ते तक्रारीचे वाक्य आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

वाट संपली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. नऊ तारखेला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी याच देवळालीत दोन नव्या तोफा लष्कराच्या हवाली केल्या: अमेरिकेची हलकी एम ७७७ आणि कोरियन बनावटीवरून आपल्याकडे हजिऱ्यात तयार होणारी, स्वतःच्या साखळीचाकांवर धावणारी वज्र. १९८६ ते २०१८, म्हणजे बत्तीस वर्षे! त्या वर्षी जन्मलेल्या मुलाची मुंज, लग्न, बारसे सारे उरकले.

"आतोबा, पण या गुप्त गोष्टी," मी आपली शहरी शंका काढली. "खासदारांनी त्यात किती तोंड घालावे?"

"अरे, गुपित तोफ कुठे ठेवली याचे असते," आतोबा म्हणाले. "ती तीस वर्षे का आली नाही, यात कसले गुपित?"

या उत्तराला आमच्या नाशिकचाच एक दाखला आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून पराभवाचे तडाखे बसत असताना कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा घरोघर म्हटले जाई. चव्हाणांना लोकसभेत जागा हवी होती. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिले. ओझरला मिग विमानांचा कारखाना आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्या घराण्यातल्या शेवटच्या मिग-२१ विमानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाचा निरोप घेतला.

पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल चव्हाणांनी प्रसिद्ध केला नाही, आणि त्यांच्यानंतरच्या कोणत्याही सरकारने केला नाही. पण सप्टेंबर १९६३ मध्ये ते लोकसभेत उभे राहिले आणि प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकुमांची साखळी, जवानांची तंदुरुस्ती व सेनाधिकाऱ्यांची कुवत अशा एकेका बाबीत आपण कुठे उणे पडलो, याचे निवेदन त्यांनी केले. अहवाल उघडायला हवा होता की नाही, यावर आजही वाद आहे. परंतु गुप्ततेची सबब सांगून सभागृहाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नसते, एवढे तरी त्यांनी पाळले.

आता अलीकडचे पाहा. १९९३ पासून संसदेत संरक्षणाची स्थायी समिती आहे. तीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात, सर्व पक्षांचे. मार्च २०१८ मध्ये या समितीने अहवाल दिला. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे स्वच्छ सांगितले होते की, आपली ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे, २४ टक्के चालू जमान्यातली आहे आणि अद्ययावत म्हणावी अशी केवळ ८ टक्के. हे ऐकल्यावर लोकसभेत रात्र जागून चर्चा झाली असेल, असे तुम्हाला वाटेल. तर नाही! त्याच मार्च महिन्यात सभागृहात गोंधळ माजला होता आणि संरक्षणासह सगळ्या खात्यांच्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकून चर्चेविना मंजूर झाल्या. याला संसदेच्या भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. फ्रेंच लोक त्या यंत्राने माणसांची मुंडकी उडवीत. आपण चर्चेचे उडवतो. गोंधळाला एकच बाजू जबाबदार नसते आणि गिलोटिन काही त्याच वर्षी जन्मले नाही. आजवरच्या सर्व रंगांच्या सरकारांनी ते वापरले आहे.

आपल्या घरी महिन्याच्या किराणाची यादी होते, तेव्हा गृहिणी वाण्याकडच्या डाळीचा भाव दोनदा विचारते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले होते. त्यांतले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. या यादीवरून बोट फिरवण्याचे काम आपण ज्यांच्यावर सोपवले, त्यांना आपण कधी काही विचारतो का? आम्ही स्वतःपुरते कबूल करतो: खासदाराला आम्ही आजवर एकच पत्र लिहिले, तेही लोकलगाड्यांच्या वेळेबद्दल.

दुपारी आत्याकडे दूधवाल्या बाई आल्या. त्यांचा मुलगा अग्निवीर आहे, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात शिकून आता उत्तरेत गेला आहे. पेढे द्यायला आल्या होत्या. पेढे देऊन झाल्यावर आतोबांना म्हणाल्या, "साहेब, चार वर्सांनी त्याला ठेवतील का हो?"

आतोबा चटकन बोलले नाहीत. नियम त्यांना ठाऊक होता: २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षांनंतर चौघांतल्या एकापर्यंत कायम होतात. या योजनेच्या बाजूने सांगणारे म्हणतात की फौज तरुण राहील आणि निवृत्तिवेतनाचा भार हलका होऊन तोफांना पैसा उरेल. विरोधक म्हणतात की तोफची मुरलेला माणूस चार वर्षांत तयार होत नाही, आणि उरलेल्या तिघांचे काय? दोन्ही बाजूंत दम आहे. पण योजना जाहीर झाली ती १४ जून २०२२ ला, अधिवेशन नसताना; हा ऊहापोह आधी सभागृहात व्हावा, एवढीही वाट कुणी पाहिली नाही.

"पोरगा चांगला असला तर ठेवतील, ताई," आतोबा शेवटी म्हणाले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "तिला मी काय सांगणार? हे तिने मला विचारायचे नाही, खासदाराला विचारायचे. आणि तिच्या आधी तुम्ही शिकल्यासवरलेल्यांनी."

म्हणून यंदा फराळाचे ताट पुढे घेऊन आम्ही आमच्या खासदारांना पत्र लिहिले. तीनच प्रश्न विचारले. संरक्षणाच्या मागण्यांवर चर्चा झाली तेव्हा आपण सभागृहात होता का? स्थायी समितीचा अहवाल आपण वाचला का? आणि चार वर्षांनी परतणाऱ्या मुलांसाठी आपण कोणता प्रश्न विचारला? यात कोणतेही गुपित नाही. उत्तर येईल न येईल; पण अशी पाचशे पत्रे एका मतदारसंघातून गेली, तर उत्तर न देणे जड जाईल.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा तावदाने थडथडली. धाकटे चिरंजीव पलंगाखाली गेले नाहीत. त्यांनी चिवड्याचा डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला. आत्याने कौतुकाने एक चकली जास्त दिली.

वाचकांस दीपावलीच्या शुभेच्छा. फराळ झाल्यावर एक पोस्टकार्ड अवश्य लिहा.