ढगातील जमीनदारी

‘क्लाउड’ हा शब्द मोठा फसवा आहे. आकाशातील ढगाला मालक नसतो. तो कोणाच्याही शेतावर बरसतो. संगणकाच्या व्यवहारातील ढगाला मात्र मालक आहे, कुंपण आहे आणि भाडेपट्टाही आहे. या व्यवसायाचा निम्म्याहून अधिक जागतिक हिस्सा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन अमेरिकन कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. हा ढग अधांतरी तरंगत नाही. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जेथे एके काळी कारखान्यांच्या पाळ्या सुटत, तेथे आज सर्व्हरांनी भरलेल्या बंदिस्त इमारती उभ्या आहेत. जमीन, वीज आणि पाणी महाराष्ट्राचे, रोजगार मूठभरांना, आणि कमाईचा मोठा ओघ समुद्रापार!

या व्यवस्थेची भलामण करणारे सांगतात की, मेजावरच्या संगणकाचे युग संपले. यंत्र विकत घ्यावयाचे, त्यात विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम बसवावयाची, ती बिघडली की दुरुस्त करावयाची, हा खटाटोप कशासाठी? सारे काही दूरच्या सर्व्हरवर ठेवावे, लागेल तेवढे वापरावे आणि वापरापुरते पैसे मोजावेत. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण कुळालाही पूर्वी हेच सांगितले जात असे: जमिनीची मालकी हवी कशाला, खंड भरा आणि पीक घ्या!

यात नवे काय आहे? १९६०च्या दशकात आयबीएम ही कंपनी इतर देशांत वापरून झालेली ‘१४०१’ जातीची यंत्रे डागडुजी करून भारतात आणीत असे आणि रेल्वेसह अनेक मोठ्या ग्राहकांना भाड्याने देत असे. यंत्र कंपनीचे, देखभाल कंपनीची आणि भाडे या गरीब देशाचे! १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भांडवलात भारतीयांना भागीदारी देण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीने नकार दिला आणि १९७८ साली भारतातील गाशा गुंडाळला. त्या वेळी उद्योगमंत्रिपदी जॉर्ज फर्नांडिस होते. आता देशातील संगणक बंद पडणार, अशी भीती घालण्यात आली. प्रत्यक्षात कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेने त्यांच्या देखभालीची जबाबदारी उचलली.

१९८१ साली त्याच आयबीएमने व्यक्तिगत संगणक बाजारात आणला आणि गणनेचे साधन सामान्य कारकुनाच्या, शिक्षकाच्या, छापखान्यातील जुळाऱ्याच्या मेजावर आले. यंत्र त्याचे, तबकडी त्याची, तीवरील कागदपत्रेही त्याचीच. तारेने कोणाशी जोडलेले नसतानाही ते चालत असे. येथे भाबडेपणा मात्र नको. त्या मेजावर मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी बसलेलीच होती. २००० साली अमेरिकेच्याच न्यायालयाने ती बेकायदा मार्गांनी टिकविल्याचा निर्णय दिला. जुन्या धन्याचा जाच विसरून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि एक भेद मूलभूत होता: एकदा घेतलेली प्रत धनी परत हिसकावून घेऊ शकत नव्हता.

तो भेद आता पुसला जात आहे. २०१३ साली ॲडोबने आपल्या मुद्रण व चित्रणविषयक प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याचे बंद करून फक्त वर्गणीवर देण्यास प्रारंभ केला. छोट्या गावातील छापखानदार एक प्रत घेऊन दहा वर्षे पत्रिका नि हस्तपत्रके छापत असे. त्याच्या मागे आता दरमहा खंडणीचा तगादा लागला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबविला. पुढची आवृत्ती असंख्य जुन्या, पण धडधाकट यंत्रांना स्वीकारीतच नाही. म्हणजे मेजावरचे यंत्रही आता खऱ्या अर्थाने मेजाच्या मालकाचे उरलेले नाही.

खंड थकला तर जमीन जाते. पण येथे खंड चुकता करूनही ती जाऊ शकते. वाडीनार येथील नायरा एनर्जी ही वर्षाकाठी २ कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेली कंपनी. तिच्यात रशियन सरकारी कंपनीची भागीदारी असल्याने जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. ते निर्बंध भारताचे नव्हते, संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या. पैसे भरलेले असूनही स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही काही श्रमिकांची संस्था नव्हे. पण एवढ्या बलाढ्य भांडवलाची ही गत, तर एखाद्या संपावर गेलेल्या युनियनची काय कथा? तिच्याकडे कोणत्या नामांकित वकिलांची फौज असणार?

सर्व्हर भारतातच असल्याने माहिती सुरक्षित आहे, असा दिलासा दिला जातो. तोही पोकळ आहे. २०१८ साली अमेरिकेने केलेल्या कायद्यानुसार तेथील कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठविलेली असो, न्यायालयाचा आदेश होताच ती त्या सरकारच्या हवाली करावी लागते. इमारत नवी मुंबईत आणि किल्ली वॉशिंग्टनमध्ये, असा हा प्रकार आहे.

मग क्लाउडला सरसकट विरोध करावयाचा काय? मुळीच नाही. चळवळीने एकदा ही चूक केली आहे. आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात संगणक येऊ नये म्हणून १९६०च्या दशकात कर्मचाऱ्यांनी झुंजार लढा दिला. रोजगाराची त्यांची चिंता रास्त होती. पण लढा ‘यंत्र येणार की नाही’ या प्रश्नात अडकला आणि ‘यंत्र कोणाचे’ हा प्रश्न मागे पडला. यंत्र तर आलेच.

खरे पाहता हजारो संस्थांनी आपापली यंत्रे अर्धा वेळ रिकामी ठेवण्यापेक्षा गणनशक्तीचा एकत्रित साठा करून सर्वांनी वापरावा, ही कल्पना समाजवादाला जवळचीच आहे. क्लाउडमधील सर्व्हर मोठ्या प्रमाणावर ज्या लिनक्सवर चालतात, ते १९९१ पासून जगभरच्या प्रोग्रॅमरांनी घडविलेले आणि सर्वांसाठी खुले ठेवलेले सामायिक धन आहे. उत्पादन सामाजिक, स्वामित्व खाजगी! भांडवलशाहीचा हा जुना अंतर्विरोध इतक्या उघड्या स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळाला असेल. म्हणून झगडा मेज विरुद्ध ढग असा नाही. तो स्वामित्वाचा आहे. परदेशी जमीनदाराच्या जागी देशी जमीनदार बसविल्यानेही तो सुटणार नाही. गावचा सावकार आपल्या बोलीत बोलतो म्हणून त्याचे व्याज कमी होत नाही.

पर्याय हवेत नाहीत. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त आज्ञावलींवर उभे केले आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० सरकारी संगणक मायक्रोसॉफ्टच्या कचाट्यातून सोडविण्याचा निर्णय घेतला. आणि महाराष्ट्राला तर दूर पाहण्याचेही कारण नाही: १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो सार्वजनिक पैशातून आणि देशी बुद्धीतून.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. शासन, विद्यापीठे, सहकारी बँका आणि रुग्णालये यांच्यासाठी सार्वजनिक मालकीचा क्लाउड उभारला पाहिजे. विजेचा दर जसा नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होऊन ठरतो, तसाच क्लाउडचाही ठरला पाहिजे. ग्राहकाला आपली संपूर्ण माहिती केव्हाही, विनामूल्य आणि वापरता येईल अशा स्वरूपात बाहेर नेण्याचा कायदेशीर हक्क मिळाला पाहिजे. सरकारी दफ्तरात मुक्त आज्ञावलींना अग्रक्रम मिळाला पाहिजे.

आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून व्हावी. कित्येक युनियनांच्या सभासद-नोंदी, संघर्षाची कागदपत्रे, वर्गणीदारांचे पत्ते आज ‘फुकट’ मिळालेल्या परक्या कोठारात पडून आहेत. त्यांची एक प्रत आपल्या कार्यालयातील, आपल्या मालकीच्या तबकडीवर ठेवण्यास कोणत्याही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. १९४८च्या कूळकायद्यामागे ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेचे बळ होते. ते बळ गावोगावच्या कुळांनी आणि कार्यकर्त्यांनी निर्माण केले होते. ढगातील जमीनदारी तरी आपोआप कशी विरून जाईल?