‘आय सेव्हन गेमिंग पीसी’ नावाची दिवसाढवळ्या चाललेली लूट

गेल्या रविवारी तासगावला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता. "मामा, जरा बघ की," एवढंच काम. कॅबिनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं पोर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

बेदाण्याचे पैसे हातात आले तेव्हा दाजींनी या कॉम्प्युटरसाठी ४२ हजार मोजले. बदल्यात मिळालं काय? एक हाताने लिहिलेली चिठ्ठी: ‘आय सेव्हन गेमिंग पीसी, १ नग’. ना जीएसटी नंबर, ना एकाही पार्टचा सिरीयल नंबर. चार महिन्यांत एका संध्याकाळी फट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि खेळ खल्लास. दुकानदार म्हणाला, "व्होल्टेज वरखाली झालं असेल, त्याला वॉरंटी नसते." विषय संपला.

आता आत काय होतं ते ऐका.

प्रोसेसरवरची पेस्ट पुसली तर खाली नंबर निघाला ३७७०. आय सेव्हनच आहे, खोटं नाही. पण हा आय सेव्हन २०१२ सालचा. आपल्याकडे लोक ‘आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन’ एवढंच बघतात. खरी गोष्ट पुढच्या नंबरात असते. ३७७० म्हणजे तिसरी पिढी. २०२२ साली आलेला बाराव्या पिढीचा साधा आय थ्री १२१०० सुद्धा याला आरामात मागे टाकतो. वर या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले.

मदरबोर्ड एच ६१ चा. ही चिपसेट २०११ ची. रॅम आठ जीबी, एकच कांडी, तीही डीडीआर ३. ग्राफिक कार्ड ‘चार जीबी’ म्हणून विकलेलं, ते निघालं जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं. स्क्रीनवर चित्र दिसण्यापुरतं ठीक, आजच्या गेमसाठी निरुपयोगी. ग्राफिक कार्ड किती जीबीचं आहे यावरून त्याची ताकद कळत नाही, पण गिऱ्हाईकाला सांगायला आकडा झकास!

आणि सगळ्यात भारी म्हणजे एसएमपीएस. वर ४५० वॅट छापलंय, हातात घेतला तर बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखा हलका. हाच फुटला आणि जाताना मदरबोर्डला घेऊन गेला. बाहेरून मात्र काचेचं कॅबिनेट, तीन रंगीत पंखे. लग्नाच्या मांडवाला लाजवेल अशी रोषणाई.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण भांडण एका दुकानाशी नाही. जाहिरातींचे फोटो बघा. ‘आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग’ असं मोठ्या अक्षरात असतं. पिढी कुठली, ग्राफिक कार्ड कुठलं, एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, यावर चिडीचूप.

दुकानदार मित्र म्हणतील, "गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, ऑनलाइनमुळे मार्जिन उरलं नाही, आम्ही काय करायचं?" मार्जिनची अडचण खरी आहे, मला मान्य आहे. जुना माल विकायलाही माझी हरकत नाही. जुना म्हणून सांगा, जुन्याचा भाव लावा, खुशाल विका. ऑफिसच्या कामाला, मुलांच्या टायपिंगला तो चालतोही. पण जुना माल नवा म्हणून विकणं याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सरळ ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हटलंय. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. म्हणजे दाजींच्या एका खरेदीत दोन गोष्टी कायद्याच्या विरोधात. आणि आपण मात्र "नशीब आपलं" म्हणून गप्प बसायचं?

दुसरी गोष्ट घरातल्यांची. कॉम्प्युटर बंद पडल्यावर पहिलं बोलणं कुणी खाल्लं? पोराने. "गेम खेळून खेळून बिघडवलास." अहो, गेम खेळून कॉम्प्युटर जळत नसतो, भंगार एसएमपीएसने जळतो. याच पोराला पुढे ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, त्यालाही असंच मशीन लागतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, ते प्रकरण वेगळं. गेमिंग म्हणजे जुगार नव्हे.

आता घ्यायचं असेल तर काय बघायचं, थोडक्यात सांगतो.

आधी ठरवा, कुठला गेम आणि कुठला मॉनिटर. साध्या फुल एचडी मॉनिटरसाठी महागडं कार्ड घेण्यात अर्थ नाही. गेमसाठी बजेटचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक कार्डाला, प्रोसेसरला त्याखालोखाल. रॅम शक्यतो एकसारख्या दोन कांड्यांत घ्या, एकाच कांडीत वेग मार खातो. हार्ड डिस्क नाही, एसएसडी. रंगीत पंखे सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर कंपनी आणि वॉरंटीही बघा. चांगल्या एसएमपीएसला पाच-सात वर्षं वॉरंटी मिळते. आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा.

सध्या रॅमचे भाव कडाडलेत, कारण एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवं महाग झालं की जुना डीडीआर ३ चा माल ‘गेमिंग’ म्हणून खपवणाऱ्यांचं फावणार, ही माझी भीती आहे. म्हणून आत्ताच सावध व्हा.

पैसे देण्याआधी एकच अट घाला: प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर असलेलं जीएसटी बिल. "बिल घेतलं तर १८ टक्के जास्त लागतील," असं ऐकू आलं तर सरळ उठा. ते १८ टक्के वाचवून तुमची वॉरंटी जाते. घरी आल्यावर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळ्याची कुंडली दोन मिनिटांत समोर येते.

दाजींनी पैसे यूपीआयने दिले होते. तो पुरावा, ती चिठ्ठी आणि पार्टचे फोटो घेऊन आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. दाजी म्हणत होते, "जाऊ दे की, गावातला माणूस आहे." मी म्हटलं, गावातल्या माणसाने गावातल्याच माणसाला टोपी घातली, म्हणून तर सोडायचं नाही.

काय निकाल लागतो ते इथेच कळवेन. तोवर पोस्ट कॉपी करा, शेअर करा, नाव नाही दिलं तरी चालेल. आणि प्रामाणिकपणे पूर्ण बिल देणारे दुकानदार आपल्या भागात आहेत, त्यांची नावं कमेंटमध्ये जरूर लिहा. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलं पाहिजे.