उलट बाजूचे वाचन

रत्नागिरीतले एखादे जुने घर आवरायला काढले की माळ्यावरची ट्रंक उघडते आणि बोहारणीला हाक जाते. लुगड्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली येतात. जुनी जरी घेणारा तर काठ कापून जाळतो आणि उरलेली चांदी तोलतो. त्यांचा तो व्यवसाय आहे; आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. जुन्या वस्त्राचा अस्सलपणा आपणही चकाकीतच शोधतो, हे आम्हांला खटकते.

वस्तुतः चकाकी पाहून संशयच यावा. अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा असतो. दमट हवेत ती कालांतराने काळवंडते. प्लास्टिकची जरी मात्र झगमगत राहते.

मग पारख कशी करावी? पदर उलटून पाहावा. पारंपरिक पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेली दोन्ही अंगांनी जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा बाणा शेजारच्या बाण्यात गुंतवून विणलेला असतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

हस्तलिखित अभ्यासताना आपण शाईच्या झळाळीवर विसंबत नाही. पाठभेद, खाडाखोड, समासातल्या नोंदी पाहतो. लुगड्यावरचे रफू आणि विरलेली घडी यांनाही तोच मान द्यायला हवा, असे आम्हांला वाटते. काठ जाळून चांदी किती होती ते कळेल. पण वाचायचा मजकूर तेव्हा उरलेला नसेल.