यंत्राचा हिवाळा, निसर्गाची जबाबदारी

ऑक्टोबरचा उत्तरार्ध उजाडला की अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एक चमत्कारिक शर्यत सुरू होते. ही शर्यत खेळाडूंची नसून डोंगरांची असते. अरापाहो बेसिन, लव्हलँड, कीस्टोन या हिमक्रीडास्थळांपैकी कोणाचा पाळणा यंदा आधी हलणार, याची वृत्तपत्रांतून चर्चा होते आणि पहिल्या पाळण्यात बसण्याचा मान मिळावा म्हणून काही शौकीन रांगेत ठाण मांडून बसतात. एवढा खटाटोप करून वर पोचल्यावर पदरात काय पडते? दोन्ही बाजूंना वाळलेले गवत, उघडे पडलेले खडक आणि त्यांच्यामधून खाली उतरणारी बर्फाची एक अरुंद पट्टी. या पट्टीला त्या शौकिनांनीच 'मृत्यूची पांढरी फीत' असे नाव देऊन ठेवले आहे. नाव थट्टेने दिलेले असले, तरी ते अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. नवशिके आणि पटाईत असे शेकडो लोक एकाच चिंचोळ्या वाटेने वेगात खाली येऊ लागले म्हणजे काय होऊ शकते, हे कळण्यासाठी हिमक्रीडेचे ज्ञान लागत नाही.

ही पट्टी आकाशातून पडलेली नसते. १९५० साली कनेक्टिकट राज्यातील वेन पिअर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाबाखालील हवा आणि पाणी यांच्या फवाऱ्यापासून बर्फ तयार करण्याची युक्ती शोधून काढली. आज त्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांच्या रांगा डोंगरउतारांवर रात्रभर घोंघावत असतात. उन्हाळ्यात माठातले पाणी का गार होते, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तोच न्याय येथेही लागू पडतो. हवा कोरडी असेल तर फवाऱ्यातील थोडे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि उरलेल्या थेंबांची उष्णता घेऊन जाते. म्हणून केवळ पारा पाहून भागत नाही, ओल्या फुग्याचा तापमापक काय दाखवतो ते पाहावे लागते. तो गोठणबिंदूच्या दोनेक अंश खाली गेला की यंत्रे सुरू करता येतात. पाणी नदीनाल्यांतून किंवा साठवणतलावातून उपसावे लागते आणि विजेचे बिल येते ते वेगळेच. शिवाय हा बर्फ नैसर्गिक बर्फासारखा पिसासारख्या स्फटिकांचा नसतो. ते गोठलेले बारीक कण असतात. त्यांचा थर दाट बसतो, लवकर वितळत नाही आणि रात्रीच्या थंडीने घट्ट होऊन लादीसारखा कठीण बनतो.

एवढी घाई कशासाठी, याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत आहे. व्हेल रिसॉर्ट्‌स या कंपनीने २००८ साली 'एपिक' नावाचा हंगामी पास विक्रीस आणला आणि २०१८ साली अल्टेरा या कंपनीने 'आयकॉन' हा पास काढला. हे पास वसंत ऋतूपासून विकले जातात, त्यांची किंमत शरद ऋतूपर्यंत चढत जाते आणि डिसेंबरच्या सुमारास विक्री बंद होते. म्हणजे डोंगर पांढरे होण्यापूर्वीच हंगामाचे बरेचसे पैसे कंपनीच्या तिजोरीत जमा झालेले असतात. यात मुळात काही गैर आहे असे नव्हे. बर्फ दगा देईल त्या वर्षीही कंपनीचा गाडा चालू राहतो, आणि वारंवार जाणाऱ्याला दिवसाचा खर्च कमी पडतो. परंतु ज्याने एप्रिलात पैसे भरले त्याला हिवाळा वेळेवर आला असे दाखवणे भाग असते. ज्याने अजून भरलेले नाहीत, त्याला भरावेसे वाटले पाहिजे. पांढऱ्या फितीचे छायाचित्र ही दोन्ही कामे करते.

या साऱ्यात भरडला जातो तो विशेषतः स्नोबोर्डचा शौकीन. या खेळाची जन्मकथा फार साधी आहे. १९६५ च्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्कीगन गावी शर्मन पॉपन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. तिचेच पुढे 'स्नर्फर' नावाचे खेळणे झाले. जेक बर्टन कार्पेंटरने १९७७ साली व्हरमाँटमध्ये फळ्या बनवण्याचा धंदा मांडला आणि टॉम सिम्सने स्केटबोर्डची विद्या बर्फावर आणली. आरंभी बहुतेक हिमक्रीडास्थळांनी या पोरांना दारात उभे केले नाही. स्ट्रॅटन या प्रतिष्ठित स्थळाने १९८३ साली दार उघडले, आणि १९९८ साली नागानो येथे तर हा खेळ ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. तरीही यूटातील अल्टा व डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन येथे स्नोबोर्डला आजही मज्जाव आहे. जे खेळणे एका बापाने घरच्या टेकडीवर फुकट दिले, त्याच्यासाठी आता पाळण्याचे भाडे, पास आणि सामान मिळून कारकुनाचा महिन्याचा पगार अपुरा पडावा, असा काळ आला आहे.

सामानाची गोष्ट थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण हंगामाच्या आरंभी चुका होतात त्या येथेच. स्कीवर दोन पाय दोन पट्ट्यांवर असतात आणि तोंड समोर असते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे जखडलेले असतात. त्यामुळे कोणता पाय पुढे, दोहोंत अंतर किती, आणि प्रत्येक पाऊल किती अंशांनी वळवलेले, या तीन प्रश्नांवर सारे अवलंबून राहते. आपल्या तालमीतील 'पवित्रा' हा शब्द याला चपखल लागू पडतो. डावा पाय पुढे ठेवणाराला 'रेग्युलर' म्हणतात आणि उजवा पुढे ठेवणाराला 'गूफी', म्हणजे वेडगळ. डावखुऱ्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी सगळीकडे सारखीच, असे क्षणभर वाटून जाते. प्रत्यक्षात उजव्या-डाव्या हाताशी याचा सरळ संबंध नाही. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरत गेले असता आपोआप जो पाय पुढे पडतो, तो आपला पुढचा पाय, एवढी साधी कसोटी पुरते.

पावलांच्या कोनांबाबत मात्र फॅशनचे राज्य आहे. दोन्ही पावले बदकासारखी बाहेर वळवून, म्हणजे पुढचे पंधरा अंश एका बाजूला आणि मागचे तितकेच दुसऱ्या बाजूला, असे उभे राहिले की फळी कोणत्याही टोकाने पुढे नेता येते. हवेत उड्या मारणाऱ्याला हे सोयीचे असते. चित्रफिती याच मंडळींच्या असल्यामुळे नवशिका पहिल्याच दिवशी पाय फाकून बदकी पवित्रा घेतो. अलीकडे याच्या उलट, दोन्ही पावले पुढच्या दिशेला वळवून फळीच्या कडेवर खोल वळणे कापण्याची हौसही पुन्हा वाढली आहे. दोन्हींना आपापली जागा आहे. परंतु ऑक्टोबरच्या अरुंद, कठीण पट्टीवर ना उड्यांना जागा असते ना खोल वळणांना. तेथे पाहिजे तो पटकन वेग मोडता येईल असा मध्यम पवित्रा. पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित दूर, पुढचे पाऊल पंधराएक अंश पुढे, मागचे जवळपास आडवे किंवा जरासे मागे वळलेले. गुडघ्यात दुखू लागले तर आपल्या जिद्दीला दोष देण्यापूर्वी दोन-तीन अंश बदलून पाहावेत, इतकेच.

फळीचेही तसेच आहे. सपाट जमिनीवर ठेवली असता जिचा मध्य किंचित उचललेला राहतो, ती कमानीची फळी. उभे राहिल्यावर कमान दबते आणि पोलादी कड कठीण बर्फाला घट्ट धरते. जिची टोके होडीसारखी वर वळतात ती भुसभुशीत ताज्या हिमावर तरंगते आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालते, पण लादीसारख्या बर्फावर तिचा पाय ठरत नाही. दुकानात ऑक्टोबरमध्ये खपवली जाते ती बहुधा जानेवारीच्या स्वप्नातली फळी. बूट आणि बाइंडिंग यांचीही जोडी लावून दिलेली असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पट्ट्यांऐवजी नुसते पाऊल दाबून बसणाऱ्या बाइंडिंगची लाट आली आणि काही वर्षांत ओसरली. २०१७ साली बर्टन कंपनीने तीच कल्पना सुधारून पुन्हा आणली. सोय चांगलीच, पण त्या बाइंडिंगला तसलेच बूट लागतात, आणि एकदा बूट घेतले की पुढची खरेदी कोठे करायची हे ठरल्यासारखेच. जाणते लोक आरंभीच्या आठवड्यांत खडकांसाठी राखून ठेवलेली जुनी फळी काढतात. पातळ थराखालचा दगड तळाचे प्लॅस्टिक फाडून आतल्या लाकडापर्यंत चर पाडतो, आणि त्यात पाणी मुरले की फळीचे आयुष्य संपत येते. ओरखडा वितळलेल्या प्लॅस्टिकने बुजवता येतो, कड घासून घेता येते, मेण पुन्हा लावता येते. यंत्राचा बर्फ खरखरीत असल्यामुळे मेण लवकर झिजते, तेव्हा कठीण जातीचे वापरावे लागते. या सगळ्यासाठी नवी खरेदी लागत नाही, म्हणून जाहिरातीत याचा उल्लेखही नसतो.

फळी दुरुस्त होते, मनगटाचे तसे नाही. उताराच्या बाजूची कड अचानक रुतली की शिकाऊ माणूस दाणकन आपटतो आणि स्वाभाविकपणे हात टेकतो. मनगटाचे अस्थिभंग ही स्नोबोर्ड शिकणाऱ्यांची ठरलेली दुखापत आहे. तिला आळा घालणारे मनगटरक्षक मिळतात, ते उपयोगी ठरतात हेही सिद्ध झाले आहे, तरी ते वापरणारे थोडे.

आता कायदा पाहा. कोलोरॅडोत १९७९ पासून हिमक्रीडा सुरक्षा कायदा आहे. या खेळाच्या अंगभूत धोक्यांमुळे इजा झाली तर चालकावर दावा लावता येत नाही, असे तो सांगतो. त्या धोक्यांच्या यादीत बर्फाची अवस्था, उघडी जमीन, खडक, झाडांचे बुंधे हे आले आहेत, आणि त्यांच्याच पंगतीला यंत्राने बनवलेला बर्फही बसवला आहे. कोणत्या रात्री यंत्र सुरू करायचे, कोणता उतार आच्छादायचा, किती जाडीवर लोकांना सोडायचे आणि कोणत्या तारखेला सोडायचे, हे सारे कंपनी ठरवते. पण त्या बर्फावर पडलेल्या माणसाने मात्र तो निसर्गाचा कोप समजायचा! २०२४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाळण्यावरून पडलेल्या एका मुलीच्या खटल्यात काहीसा दिलासा दिला. कायद्याने घालून दिलेली कर्तव्ये मोडल्याचा आरोप असेल तर केवळ सही केलेल्या माफीपत्राच्या आधारे चालकाला सुटता येणार नाही, असा तो निर्णय होता. उघडी जमीन आणि यंत्राचा बर्फ यांची यादी मात्र त्याने बदललेली नाही. खेळ म्हटला की धोका आला, आणि खेळणाराने आपली कुवत ओळखलीच पाहिजे, हे मान्य. परंतु तारीख ज्याने ठरवली त्याच्याकडे त्या तारखेची काहीच जबाबदारी नसावी, हे न्यायाला धरून नाही.

या धोक्यांवर बांबू रोवून, दोऱ्या बांधून खुणा करण्याचे काम गस्तपथकाचे असते. बर्फ जितका पातळ तितके हे काम जास्त. यूटातील पार्क सिटी येथील दोनशेच्या आसपास गस्तकर्मचाऱ्यांनी २७ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळच्या गर्दीत, संप पुकारला. ताशी २१ डॉलरचे प्रारंभीचे वेतन २३ डॉलर करावे, ही त्यांची प्रमुख मागणी होती. डोंगराचा बराच भाग बंद ठेवावा लागला, पाळण्यांपुढे तासन्‌तास रांगा लागल्या, आणि ८ जानेवारीला व्हेल कंपनीला तडजोड करावी लागली. ताशी दोन डॉलरची ही मागणी होती, आणि तिच्यावाचून डोंगर उघडत नाही हे पास घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांनी तेरा दिवस पाहिले.

आपला या सगळ्याशी संबंध नाही असे मानण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहली ज्या गुलमर्गला जातात, तेथे २००५ साली अफरवटच्या खांद्यापर्यंत दुसऱ्या टप्प्याचा रज्जुमार्ग झाल्यापासून परदेशी स्नोबोर्डपटूंचीही ये-जा वाढली. तेथला बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांवर अवलंबून आहे. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलानचे कडाक्याचे दिवस चालू असूनही गुलमर्गची कुरणे तपकिरीच होती आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ साली 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा, ज्यात स्नोबोर्डिंगही होते, बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलावा लागला. तो ९ ते १२ मार्चला पार पडला. आयोजकांवर टीका करण्याची आपल्याला सवय आहे, पण येथे तारीख बर्फावर सोडण्याचा निर्णय योग्यच होता. त्याची झळ मात्र वाटाडे, घोडेवाले आणि घसरगाडी ओढणारे यांनाच सोसावी लागते, कारण त्यांच्याकडे एप्रिलात विकलेला पास नसतो.

अशा दोन-चार हिवाळ्यांनंतर बर्फाची यंत्रे आणा अशी मागणी जोर धरणार, हे उघड आहे. उत्तराखंडातील औली येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने ती बसवलीही गेली. बीजिंगचे २०२२ चे ऑलिंपिक तर जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाले, तेव्हा तंत्र उपलब्ध आहे याविषयी शंका नाही. काश्मीरमध्ये ज्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही, त्याच्या पाठोपाठ उन्हाळ्यात झरे आटतात आणि शेतीचे पाणी कमी पडते. तेव्हा यंत्रांना परवाना देण्याआधी दोन कलमे कागदावर आली पाहिजेत. उपसलेले पाणी कोणाच्या वाटणीतून वजा होणार, हे पहिले. आणि त्या बर्फावर मोडलेल्या हाताचा खर्च कोणी द्यायचा, हे दुसरे.